‘कबूल नाही’ आणि ते चौदा महिने

लिहू की नको असं बरेच महिने चाललं होतं. आई म्हणते संपलं ना आता, कशाला परत उकरून काढतेस. पण मध्यंतरी माझ्या क्लासमधल्या एका मुलीला पोलिसांनी माझ्यासारखंच नदीच्या घाटावरून उठवून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, हजार रुपये भरले की संपतं ना? तेव्हा ठरवलं की लिहायचंच, जसं झालं तसं. शहराचं, पोलीस ठाण्याचं, कोर्टाचं, कुणाचंच नाव टाकत नाहीये. मला कुणा एका हवालदाराला उघडं पाडायचं नाहीये, मला फक्त सांगायचंय की एवढ्याशा केसमधे माणसाच्या हातातून काय काय जातं आणि त्यातलं काय परत घेता येतं.

डिसेंबर २०२२, शुक्रवार होता. मी एका खाजगी क्लासमधे गणित शिकवते, तेव्हा सोबत सरकारी नोकरीच्या सरळसेवा भरतीची तयारीही चालू होती. साडेआठला शेवटची बॅच सुटली, कॉलेजपासूनचा मित्र घ्यायला आला होता, आम्ही नदीच्या घाटावर वरच्या बाजूला सिमेंटचे बाक आहेत तिथे बसलो. मधे माझी सॅक, सॅकवर त्याचा डबा, डब्यात उरलेली दोन थालीपिठं. त्याच्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि तो हॉलचं भाडं किती, केटरर किती मागतोय असलं सगळं सांगत होता. आजूबाजूला माणसं होती, खाली दोन म्हातारे फेऱ्या मारत होते, चहाची टपरी चालू होती. 

पावणेदहाच्या सुमारास बीट मार्शलची मोटारसायकल आली. एक पन्नाशीचे हवालदार आणि मागे एक तरुण शिपाई. पहिला प्रश्न नाव काय, दुसरा आडनाव काय, तिसरा लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर, घरी माहितीये का इथे बसलायत ते? मी म्हटलं काका, आम्ही मित्र आहोत, घरीच निघालोय. काका म्हटलेलं त्यांना आवडलं नाही बहुतेक. म्हणाले मोबाइल काढ, लॉक उघड.

आणि मी उघडून दिला. हे मला आजही सलतं. मी शिकलेली आहे, पेपर वाचते, स्पर्धा परीक्षेसाठी घटना अख्खी पाठ केलेली, कलम २० (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) आणि २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) झोपेत विचारलं तरी सांगेन, पण रात्री दहाला समोर खाकी वर्दी उभी राहून हात पुढे करते तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवत नाही. ते गॅलरीत गेले, आईच्या सोनोग्राफीचे फोटो होते, ते सरकवले. मग व्हॉट्सॲप. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत उभी होते, माझ्या स्क्रीनगार्डला कोपऱ्यात तडा गेलाय तिथे अंगठा दर वेळी थोडा अडकत होता. माझ्या मैत्रिणीशी पाळीच्या त्रासाबद्दल बोलणं चाललेलं, डॉक्टरने काय सांगितलं वगैरे, तिथे तो अंगठा थांबला. वाचलं त्यांनी. मग परत सरकवायला लागले. एवढंच झालं, कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही, पण त्या पाच-दहा सेकंदांनंतर मला घरी गेल्यावर अंघोळ करावीशी वाटली, एवढ्या रात्री, थंडीत.

शिपायाने तेवढ्यात फ्लॅश मारून आमचे दोन-तीन फोटो काढले. मग ठाण्यावर चला. 

ठाण्यात एकच महिला पोलीस होत्या, त्या वायरलेसवर. तेव्हा मला माहीत नव्हतं, की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची असेल तर काही फारच वेगळी परिस्थिती लागते, आणि तशी असली तरी महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम ४६(४) होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३(५). आमच्या कागदात मात्र अटक असा शब्दच नाही, ‘ठाण्यात आणून समज देऊन सोडले’ असं आहे. म्हणजे मी सव्वादहा ते साडेबारा तिथल्या लाकडी बाकड्यावर बसून होते, उठून जाता येत नव्हतं, आणि तरी कागदावर मी अटकेत नव्हते, मग अटकेतल्या माणसाला जे हक्क असतात, कारण सांगणं, वकिलाला बोलावू देणं, त्यातलं काहीच लागू नाही. 

हवालदारांनी माझ्याच मोबाइलमधून ‘आई’ असं सेव्ह केलेला नंबर लावला. आईने उचलला, हॅलो बाळा म्हणाली, आणि पलीकडून परक्या पुरुषाचा आवाज, तुमची मुलगी एका मुलासोबत सापडली आहे, घेऊन जा. सापडली, हा शब्द. आई मामाला घेऊन स्कूटरवर आली, साडीवर मामाचं जॅकेट घातलेलं. ती काहीही बोलली नाही, दोन दिवस बोलली नाही. 

जाताना एका कागदावर सही घेतली. अर्धा कागद लिहिलेला, खाली अर्धा कोरा. मी विचारलं वाचू का, तर म्हणाले वाचत बसलीस तर सकाळ होईल, समज दिल्याचा कागद आहे. सही केली. कुणी वाचणारं असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा, कोऱ्या जागेच्या खाली सही करू नका, मजकूर संपतो तिथेच आडवी रेघ मारा आणि तिथे करा.

रविवारी तो फोटो आला. एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या मोबाइलवर, एरियातल्या कुठल्यातरी ग्रुपवर, खाली ‘घाटावर रात्री कारवाई’. आमचे दोघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. त्यांनी क्लासच्या सरांना दाखवला, सरांनी मला केबिनमधे बोलावून विचारलं की हा काय प्रकार आहे, पालक विचारतायत. सर चांगले आहेत, काढलं नाही त्यांनी मला, पण दहावीच्या मुलींची बॅच महिनाभर दुसऱ्याकडे दिली. तेव्हा केस झालेली नव्हती, कोर्ट नव्हतं, कुणी मॅजिस्ट्रेट नव्हता, आणि शिक्षा भोगणं सुरू झालं होतं.

समन्स आलं एप्रिल २०२३ मधे. आमचा जुना वाडा आहे, सात बिऱ्हाडं, मधे चौक. समन्स बजावायला आलेल्या शिपायाने चौकात उभं राहून माझं पूर्ण नाव घेतलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ११०, ११७. पोलीस आणि वकील याला एकशेदहा-सतराची केस म्हणतात. एकशेदहा म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य किंवा बेशिस्त वर्तन, आणि एकशेसतरा म्हणजे त्याची शिक्षा, जास्तीत जास्त १२०० रुपये दंड. जेल नाही. भर रस्त्यात अंग उघडं टाकणाऱ्यालाही हेच कलम, अर्वाच्य शिव्या देणाऱ्यालाही हेच, आणि बाकावर बसलेल्यांनाही हेच, कारण असभ्य म्हणजे नक्की काय याची व्याख्या त्यात कुठे नाही, ते बघणाऱ्या पोलिसाच्या डोळ्यात असतं. ऑगस्ट २०१५ मधे मुंबईत मढ-आक्साच्या हॉटेलांवर धाड टाकून जोडप्यांना बाहेर काढलं होतं, दार बंद करून खोलीत असलेल्यांना, त्यातल्याही कितीतरी जणांना हेच कलम लावून बाराशे रुपये घेतले होते. तेव्हा मी शाळेत होते, बातमी वाचलेली आठवते.

मामाने ओळखीच्या एकाला विचारलं. तो म्हणाला अहो काही नाही, लोकअदालतीच्या दिवशी जायचं, कबूल म्हणायचं, दंड भरायचा, दहा मिनिटांत मोकळं. समन्सवर तारीखही लोकअदालतीचीच होती. 

त्या दिवशीची कोर्टातली रांग मी विसरणार नाही. जिन्यापासून लोक. हातगाडीवाले, रिक्षावाले, दारू पिऊन सापडलेले, विनाहेल्मेट, आणि आम्ही दोघं. कोर्ट ड्युटीचे पोलीस हातात यादी घेऊन रांग लावत होते आणि रांगेतच सगळ्यांना सांगत होते, आत गेल्यावर साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का, कबूल म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. ज्यांनी पकडलं तेच फिर्यादी, तेच साक्षीदार, आणि आत काय बोलायचं ते शिकवणारेही त्यांच्याच खात्यातले. कायद्याने हे असं नसायला हवं, सरकारी वकील पोलीस खात्याच्या हाताखालचा असू नये यासाठी आपल्याच राज्यातली केस आहे, शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९५, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी अभियोक्त्यांचं केडर पोलीस खात्यापासून पूर्ण वेगळं करा. ते झालंही. त्या कोर्टात सरकारी वकील मॅडम होत्याच, पण त्या आत टेबलापाशी, आणि बाहेर रांगेत पोलीस. किरकोळ केसचा निकाल रांगेतच लागून जातो, आत फक्त शिक्का बसतो.

कबुलीचे फॉर्म झेरॉक्स केलेले. ‘मला गुन्हा कबूल आहे. मी गरीब आहे. कमीत कमी दंड करावा ही विनंती.’ खाली सही किंवा अंगठा. कायदा असं सांगतो की मॅजिस्ट्रेटने आधी आरोपीला त्याच्यावर काय आरोप आहे तो समजावून सांगायचा, फौजदारी संहितेचं जुनं कलम २५१, आताचं २७४, आणि आरोपीने कबुली दिली तर ती शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची, जुनं २५२, आताचं २७५. त्याच्याच शब्दांत. त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांचे शब्द एकच होते. माझ्या पुढे एक भाजीवाल्या मावशी होत्या, त्यांना विचारलं मावशी तुमच्यावर काय केस आहे, तर म्हणाल्या माहीत नाही गं, फोन आला या म्हणून.

माझा मित्र माझ्या आधी आत गेला. त्याचं आदल्या रात्रीच ठरलं होतं, बहिणीचं लग्न दोन आठवड्यांवर, वडील म्हणाले ही बला आधी घालव, पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवायचं. मी त्याला एका शब्दाने काही बोलले नाही, आजही बोलणार नाही. कबूल म्हणाला, हजार रुपये दंड, पावती, संपलं. बाहेर येऊन मला म्हणाला, तूही टाक उरकून. 

माझं डोकं दुसरीकडेच अडकलं होतं. सरकारी नोकरीत निवड झाली की चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरून घेतात, मी तो एका सिनियर मैत्रिणीकडे बघितला होता. त्यात प्रश्न असतात, तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी खटला भरला होता का, तुम्हाला कधी न्यायालयाने दंड केला होता का. दंड. रक्कम किती ते पुढे. आणि खोटं लिहिलं तर ते खोटं लिहिणं हेच नोकरी घालवायला पुरेसं होऊ शकतं. अवतार सिंग या केसमधे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारा चूक माफ करू शकतो, पण म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या मर्जीवर. शिवाय कबुली दिल्यावर दोषी ठरलात तर नंतर त्यावर अपीलही करता येत नाही, फक्त शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढ्यापुरतंच करता येतं. दहा मिनिटांत मोकळं म्हणतात ते असं मोकळं.

आत गेले. साहेबांनी वर न बघता विचारलं, कबूल? मी म्हटलं, नाही. 

साहेबांनी वर बघितलं. शेजारच्या कोर्ट ड्युटीच्या पोलिसाने हळूच म्हटलं, ताई, उगाच खेटे घालाल. साहेब म्हणाले, खटला चालेल, साक्षी होतील, वेळ लागेल, समजतंय ना? मी म्हटलं हो सर. आवाज फाटला माझा. ते काही रागावले नाहीत, हे लिहायलाच हवं, कारण मला भीती त्याचीच होती. विचारलं वकील आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले खाली विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला अर्ज द्या. 

हे कितीतरी बायकांना माहीतच नाही, मलाही नव्हतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, त्यात बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. बाई असणं एवढंच पुरेसं. आधार कार्डाची झेरॉक्स, समन्सची झेरॉक्स, एक अर्ज, आणि दहा-बारा दिवसांत पॅनेलवरच्या वकील मिळाल्या. तिशीच्या असतील. पहिल्या भेटीत त्यांनी माझी बाजू ऐकायच्या आधी विचारलं, कागद घेतलेस का? म्हटलं कुठले कागद? तर म्हणाल्या पोलिसांनी तुझ्याविरुद्ध कोर्टात जे जे दिलंय त्या सगळ्याच्या नकला तुला फुकट मिळायला पाहिजेत, तो तुझा हक्क आहे, मेहेरबानी नाही. 

पुढच्या तारखेला नकला मिळाल्या. चार पानं. मी ती जिन्यातच बसून वाचली. फिर्यादीत लिहिलं होतं की २१.१० वाजता इसम व महिला एकमेकांच्या कमरेत हात घालून अश्लील चाळे करत असताना मिळून आले, येणाजाणाऱ्या लोकांना त्याचा त्रास होत होता, लोक जमा झाले होते. एक साक्षीदार, चहाच्या टपरीवाले. आणि माझा जबाब, खालची सही माझी, वरचा मजकूर मी पहिल्यांदा वाचत होते, ‘माझी चूक झाली असून पुन्हा असे करणार नाही.’ तो अर्धा कोरा कागद. आईने ते पान माझ्या हातातून घेतलं, वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. त्या दिवसापासून ती प्रत्येक तारखेला माझ्यासोबत आली, डबा घेऊन.

एक गोष्ट मात्र त्या चार पानांत नव्हती. फोटो. ज्या फोटोने माझी बॅच गेली, जो निम्म्या एरियाने बघितला, तो कोर्टाच्या कागदात नव्हता. वकील मॅडमना मी मोबाइलवर दाखवला, त्या बराच वेळ मोठा करून बघत राहिल्या. फोटोत आम्ही दोघं, मधे सॅक, सॅकवर डबा, झाकण उघडं. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच नाही दिला. 

मला वाटलं मग झालंच की, हा दाखवू कोर्टाला. पण तसं नसतं. फॉरवर्ड होत आलेला फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर तेव्हाच्या पुरावा कायद्याचं ६५-ब प्रमाणपत्र लागतं, मूळ ज्या उपकरणात आहे त्याची जबाबदारी असलेल्याचं. सुप्रीम कोर्टाने २०२० मधे, जालन्याच्या निवडणुकीवरून चाललेल्या खोतकर-गोरंट्याल केसमधे, हे पक्कं केलं. मूळ मोबाइल त्या शिपायाचा. तो मला कशाला प्रमाणपत्र देईल. मॅडम म्हणाल्या राहू दे, फोटो आपण द्यायचाच नाही, तो का दिला नाही हे त्यांना विचारायचं.

माहिती अधिकारात मी ठाण्यातलं त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज पण मागितलं होतं. डिसेंबर २०२० मधे परमवीर सिंग सैनी केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट रेकॉर्ड करणारे कॅमेरे हवेत, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, अगदीच जमत नसेल तर किमान एक वर्ष. मी पाचव्या महिन्यात मागितलं. उत्तर आलं, तांत्रिक बिघाडामुळे फुटेज उपलब्ध नाही. एका ओळीचं उत्तर, रजिस्टर पोस्टाने. माझी चूक एवढीच की मी दुसऱ्याच दिवशी फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज दिला नाही, तेव्हा सुचलंच नाही.

मग तारखा. अकरा झाल्या एकूण. साहेब रजेवर, साक्षीदार आला नाही, हवालदार बंदोबस्ताला, गणपती, नवरात्र, परत बंदोबस्त. प्रत्येक तारखेला सकाळची बॅच बुडायची. कुठल्या तारखेला काय झालं ते मला आता वेगवेगळं आठवतही नाही, बाहेरचा बाक, पुकाऱ्याची वाट बघणं आणि आईचा डबा एवढंच. 

नोव्हेंबरात हवालदारांची साक्ष झाली. आरोपीला पिंजऱ्यात उभं करतात, मी तिथून बघत होते. माझ्या वकील मॅडमनी आवाज चढवला नाही. विचारलं, नक्की काय करत होते दोघं? ते म्हणाले अश्लील चाळे. म्हणजे काय, ते सांगा. गळ्यात हात घालून बसले होते. फिर्यादीत कमरेत लिहिलंय. ते गप्प. लोक जमा झाले होते म्हणता, त्यातल्या कुणाची नावं घेतली? नाही. फोटो काढला होता का? त्यांनी सरकारी वकिलांकडे बघितलं, मग म्हणाले हो, स्टाफने काढला. कागदपत्रांसोबत दिलाय? नाही. का नाही? वरिष्ठांना पाठवला होता. आरोपीचा मोबाइल उघडून बघितला? हो, ओळख पटवायला. ओळखपत्र मागितलं होतं? आठवत नाही. स्टेशन डायरीत मोबाइल तपासल्याची नोंद आहे? नाही.

एवढं सगळं दहा-बारा मिनिटांत झालं. माझे पाय थरथरत होते आणि डोळ्यातून पाणी येत होतं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना प्रश्न विचारत होतं आणि त्यांना उत्तर द्यावं लागत होतं. रांगेत कबूल म्हटलं असतं तर ही दहा मिनिटं कधीच आली नसती.

टपरीवाले काका आले, म्हणाले सही माझी आहे, पण ती ठाण्यात घेतली, आत काय लिहिलंय मला माहीत नाही, ही मुलगी मला आठवत नाही. त्यांना फितूर जाहीर केलं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, त्यांना तिथेच रोज टपरी लावायची आहे.

मी मॅडमना एकदा विचारलं होतं की जो फिर्यादी तोच तपास करणारा, हे चालतं कसं. त्यांनी सांगितलं २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने मोहनलाल केसमधे म्हटलं होतं की असं असेल तर खटलाच बाद, पण २०२० मधे मुकेश सिंग केसमधे पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं, आता आपोआप बाद होत नाही, पक्षपात झाला हे त्या त्या केसमधे दाखवावं लागतं. मला पटत नाही हे. मोठ्या गुन्ह्यात निदान बाकीचे पुरावे असतात, आमच्यासारख्या केसमधे एका पोलिसाचा शब्द हाच सगळा पुरावा असतो, तिथे तोच तपासी असला तर तपासायचं राहतं काय. 

फेब्रुवारी २०२४ ला निकाल. निर्दोष मुक्तता. नेमकं कोणतं कृत्य असभ्य होतं हे फिर्याद आणि साक्ष दोन्ही मिळून सांगू शकत नाहीत, स्वतंत्र साक्षीदार नाही, काढलेला फोटो हजर केला नाही. शेवटी ‘संशयाचा फायदा’ हे शब्द आहेतच, ते मला खटकले, मॅडम म्हणाल्या ते असतातच, तू नक्कल काढून ठेव. नक्कल विभागात अर्ज दिला, आठवड्याने मिळाली, त्या रात्री आईने ती पूर्ण वाचली, चष्मा लावून, बोट फिरवत. मग म्हणाली, त्यात फोन उघडल्याचं काहीच नाही गं.

खरंच नाही. केस होती आमच्या वागण्याची, त्यांच्या वागण्याची नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सरकारला त्यात हात घालायचा तर आधी तसा कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि जेवढं गरजेचं तेवढंच. बाराशे रुपयांच्या दंडाच्या गुन्ह्यात रस्त्यावर उभं करून मोबाइल उघडायला लावणं यातल्या कुठल्याच पायरीवर टिकत नाही असं माझं मत आहे, पण ते ठरवायला मला वेगळं कोर्ट, वेगळा वकील, वेगळी वर्षं लागतील. पोलीस अधीक्षक कार्यालयात फोटोबद्दल तक्रार दिली होती, चौकशीत तथ्य आढळून आले नाही असं उत्तर आलं. आता राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज केलाय, सोबत उलटतपासाची नक्कल जोडलीय, ज्यात हवालदार स्वतः म्हणतात की स्टाफने फोटो काढला. अजून तारीख लागलेली नाही. फोटो कुठल्या कुठल्या मोबाइलमधे अजून पडून असेल ते मला कळणार नाही.

क्लासमधल्या त्या मुलीला मी सांगितलं, समन्स आलं तर मला दाखव, विधी सेवेच्या ऑफिसला मी येते सोबत. काय म्हणायचं ते तिने ठरवावं, पण आत जायच्या आधी तिने तिचे कागद वाचलेले असावेत.

गेल्या आठवड्यात मित्राचा फोन आला. त्याची एका सरकारी कंपनीत निवड झालीय, साक्षांकन नमुना भरायला घेतला होता. म्हणाला, दंड झाला होता का या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं खरं लिही, कलम, तारीख, रक्कम, आणि पावतीची झेरॉक्स जोड. थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, तू काय लिहिणार आहेस? मी म्हटलं, खटला भरला होता का याला होय, निर्दोष, निकालाची नक्कल सोबत, दंडाला नाही. त्याने पावती शोधून काढली आणि मला फोटो पाठवला, नीट दिसतेय का बघ म्हणून. थर्मल कागदावरची शाई पुसट झालीय, रक्कम जेमतेम वाचता येते, केस नंबर मात्र स्पष्ट आहे. माझ्या केसच्या लगेच पुढचा.